बुलेटच्या वाट्याचे लाडू

दवनीवाडा
३ फेब्रुवारी २००८

रविता टेंभरे,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं हे शाळेत शिकवलं होतं, पण आज ते पेनातून उतरत नाही. तू फोन बंद करून वारासिवनीला मामाकडे जाऊन बसलीस. मामाच्या घरचा फोन लावला की तुझी मामी सांगते, ती झोपली आहे. सकाळी दहाला झोपलेली, दुपारी चारलाही झोपलेली. धावणारी मुलगी इतकी झोपत नाही, म्हणून पत्र लिहिते. पत्र झोपलंय असं मामीला सांगता येणार नाही.

आणि हे मी माझ्या मनाने लिहीत नाही, ते आधीच सांगून ठेवते. तुझ्या आईने, तुलसा काकूंनी, परवा बोअरिंगवर मला गाठलं आणि म्हणाल्या की रविता जेवते की नाही तेवढं विचार. तर विचारते. जेवतेस का?

आता माझं ऐक. डिसेंबरात केरळच्या राष्ट्रीय स्पर्धेत शंभर मीटरला तू पहिली आणि मी दुसरी आले. त्यात नवीन काही नव्हतं, सहावीपासून हेच चाललं आहे. मग जानेवारीत कळलं की तुझ्या तपासणीत ताकदीचं औषध सापडलं. त्या औषधाचं नाव आपला सराव घेणाऱ्या जागेश्वर सरांनाही एका दमात वाचता आलं नाही. तुझं सोनं काढून मला दिलं. एप्रिलमध्ये दिल्लीला सुनावणी आहे, आणि ते औषध पोटात कसं गेलं हे तिथे सांगता आलं नाही तर तुझी दोन वर्षं गेली. दोन वर्षं रेल्वेवाले तुझ्यासाठी नोकरीची जागा राखून बसणार नाहीत.

एवढं झालं आणि तू काय केलंस? भर मैदानात, सरांच्या आणि सगळ्या पोरींच्या देखत माझ्याकडे बोट दाखवलंस. "नीलानंच माया पान्यात काई टाकलं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. माझ्या पिशवीत लिंबू आणि मीठ असतं, अगं, आणि तेही तू निम्मं संपवतेस.

गावाला ते पटायला एक दिवससुद्धा लागला नाही. टेंभऱ्यांच्या पोरीने काही खाल्लं असेल असं कोणाला वाटलं नाही, रामटेक्यांच्या पोरीने टाकलं असेल असं सगळ्यांना वाटलं. का, ते तुलाही ठाऊक आहे, गाव आधी जात बघतं. माझे बाबा राइस मिलमधून आले, त्यांच्या कानावर रस्त्यातच आलं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. जेवायला वाढ म्हणाले. तेव्हा मला रडू आलं. तुझ्यामुळे नाही, बाबांमुळे आलं.

सरावाचं विचारशील तर उत्तम चालला आहे. फक्त ब्लॉकचा थोडा त्रास आहे. सुताराने आपल्याला सागवानाचा स्टार्टिंग ब्लॉक करून दिला, पण शाळेच्या मैदानातल्या मुरमात खिळा धरत नाही. एकीने मागे ब्लॉकवर पाय दाबून उभं राहायचं आणि दुसरीने सुटायचं, ही आपली पद्धत होती. आता मी आईचा चटणीचा पाटा सायकलवर बांधून नेते आणि ब्लॉकवर ठेवते. आई रोज ओरडते. बाकी काही अडत नाही.

नीला रामटेके

ता. क. तुझ्या बाबांची बैलजोडी आख्खा हिवाळा शंकरपटात हरली होती ना? तू गेल्यापासून दोन पट जिंकली. बुलेट तर असा धावला की धुरकरी छकड्यावरून पडता पडता राहिला. तुझे बाबा म्हणतात पोरीची साडेसाती बैलांवर होती, गेली. मी फक्त बातमी देते.


१८ फेब्रुवारी २००८

रविता,

हे पत्र बसून वाच. हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेव.

रविवारी मी तुमच्या घरी भांडायला गेले होते. तुझे बाबा, चैनलाल काकाजी, प्रत्येक पटात लोकांना सांगत फिरतात की रामटेकेच्या पोरीनं माया पोरीचं वाटोळं केलं, हे माझ्या कानावर आलं. ठरवून गेले होते की अंगणात उभी राहूनच बोलायचं, पाणीसुद्धा प्यायचं नाही. पण काकाजी बैल धुवायला नदीवर गेले होते. काकूंनी माझा हात धरून मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. दहा वर्षं तुझ्याकडे येते, पण तुमच्या चुलीजवळ मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. त्यामुळे भांडण कुठून सुरू करायचं तेच सुचेना.

मग काकूंनी डबा काढला. जवसाचे लाडू, तूप सुटलेले. म्हणाल्या, तू पण धावते न, खाय. मी दोन खाल्ले. खोटं कशाला बोलू, तिसऱ्यावरही डोळा होता. तुला रोज असे लाडू मिळत होते आणि तू मैदानावर एकदाही डबा आणला नाहीस, हे लक्षात ठेवलं आहे.

मी विचारलं, काकू, तुम्ही करता का हे? तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच तोंडून ऐक.

"माहे नाई, बैलाचे होत. तुये काकाजी स्वताच्या हातानं वळते, कोणाले हात लावू नाई देत. मी म्हनलो, बैल धावते तर त्याले तुपाचे लाडू, अन् माही पोरगी धावते तर तिले पेज? दसऱ्यापासून बैलाले कणकेचे गोळे चारलो अन् लाडू पोरीले. दिसाले सारखेच दिसते. बैल काय सांगाले जाते?"

मीसुद्धा हसले. पोट धरून हसले. दसऱ्यापासून बुलेट आणि भुऱ्या कणीक खाऊन पटात धावत होते आणि काकाजी डोक्याला हात लावून बसत होते. तू गेल्यावर लाडू खायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून काकूंनी ते पुन्हा बैलांना घातले. हसतच मी सायकल काढली. धानाच्या बांध्यांपर्यंत आले आणि पेडलवरचा पाय थांबला.

बैलांनी लाडू सोडले आणि ते हरायला लागले. तू लाडू धरलेस आणि केरळात उडालीस. तू गेलीस, लाडू परत गोठ्यात गेले, आणि बैल जिंकायला लागले. जवस आणि गूळ खाऊन असं होत असतं तर आख्खा गोंदिया जिल्हा ऑलिम्पिकला गेला असता.

मी परत फिरले. काकाजी बैल बांधत होते. मी भांडणाचं विसरून सरळ विचारलं, काकाजी, लाडवात काय घालता? ते म्हणाले, जवस, गूळ, तूप, घरचं. पण म्हणताना त्यांची नजर गोठ्यातल्या फळीकडे गेली. फळीवर एक डबा होता, त्यावर बैलाचं चित्र. मी तो उतरवून हातात घेतला, झाकणाला पावडर लागली होती. काकाजींनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि म्हणाले, घरी जाय पोरी, अंधार होते.

रवे, आपण माझी पिशवी धुंडाळत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला. तुझ्या पोटात बुलेटच्या वाट्याचे लाडू गेले आहेत. मी माझ्यावरचा डाग धुवायला हे लिहीत नाही. म्हणजे त्यासाठीही लिहिते. पण मला तो डबा हातात घेताना पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. वाटलं, ही सुटली.

नीला


२७ फेब्रुवारी २००८

रविता,

तुझं उत्तर नाही. मामीची तब्येत बरी आहे ना?

मी जागेश्वर सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले की हे समितीला सांगितलं तर शिक्षा कमी होऊ शकते. माफ होणार नाही, पण कमी होईल. अट एकच. डब्यात काय आहे आणि ते लाडवात कोणी घातलं, हे घालणाऱ्याने स्वतः सांगायला हवं. लाडू चोरून चारले हे काकू सांगतील, पण पावडरीचं त्यांना काय माहीत?

म्हणजे तुझी दोन वर्षं काकाजींच्या तोंडात आहेत, आणि काकाजी तोंड उघडत नाहीत. मी त्यांच्याकडे दोनदा गेले. पहिल्यांदा ते बैलांना पाणी पाजत होते, दुसऱ्यांदाही पाणीच पाजत होते. बैलांना एवढी तहान कुठून लागली देव जाणे.

मला त्यांचा राग येतो आणि त्यांची दयाही येते, दोन्ही खरं. चैनलाल टेंभऱ्यांची जोडी निव्वळ घरच्या दाण्यावर धावते, हे वाक्य आपण लहानपणापासून प्रत्येक पटाच्या माइकवर ऐकलं. दुसऱ्यांच्या बैलांना दारू पाजतात, टोचतात, आणि टेंभऱ्यांचे बैल मात्र घरचं खातात. या एका वाक्यावर त्या माणसाने फेटा बांधला. आता ते, सर म्हणतात तसं, पटापटाने फिरणाऱ्या कोण्या माणसाकडून पावडर घेतात हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे फेटा उतरवणंच झालं. पण फेटा मोठा की पोरगी, एवढा हिशेब तर माझ्या आईलाही येतो आणि ती शाळेत गेली नाही.

डब्याला आता कुलूप लावलं आहे त्यांनी. बैल गेला नि झोपा केला म्हणतात ना, इथे तर बैल घरीच आहे.

बाकी, मी पतियाळाच्या स्पर्धेला जात नाही. पाय मुरगळला. रेल्वेचे लोक तिथे येणार होते, पण पायाला काय करणार? पुढे कधीतरी येतील. लंगडत का होईना, सराव चालू आहे. पाटा घसरतो. त्याचा एक कोपरा उडाला. आईला अजून सांगितलं नाही, तूही सांगू नको.

नीला


८ मार्च २००८

रवे,

महाशिवरात्रीला गावचा पट झाला. तुला मामाकडे बातमी पोहोचली असेल, पण ती तोंडातोंडी जाताना बिघडली असेल म्हणून मीच लिहिते. मी पहिल्या रांगेत होते. लंगडत नव्हते.

आदल्या दिवशी तुलसा काकूंनी बोचकं बांधलं. त्यात दोन लुगडी, पितळी तांब्या, आणि डोंगरगडच्या देवीचा अंगारा होता. काकाजींनी विचारलं, काय होय हे? काकू म्हणाल्या, दिल्लीले जातो. सुनावणी एप्रिलात आहे असं काकाजींनी सांगितलं, तर म्हणाल्या की मग महिनाभर स्टेशनवर बसतो. डोंगरगडच्या पुढे ही बाई कधी गेली नाही. सायबांना म्हणणार होत्या, लाडू मी चोरले, पावडरही मीच टाकली, मला बंद करा आणि पोरीला सोडा. काकाजींनी समजावलं की खोटं बोलू नये. त्यावर काकू नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. हे मला शेजारच्या नंदाबाईंनी सांगितलं, आणि त्यांनी भिंतीला कान लावूनच ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी पट. शेवटची फेरी, शेजारी देवरीकडची जोडी, तीही नामांकित. झेंडी पडली आणि बुलेट असा सुटला की मी ओरडायचंच विसरले. त्याच्या सुटण्यात मला तू दिसलीस, केरळातली. जोडी जिंकली. पहिलं बक्षीस मोटरसायकल. काकाजींना मंचावर बोलावलं, हार घातला, आणि माइकवाल्याने नेहमीप्रमाणे सुरू केलं की टेंभरे पाटलांची जोडी, निव्वळ घरच्या दाण्यावर.

काकाजींनी माइक त्याच्या हातातून घेतला. मला वाटलं, आभार मानतील.

"घरच्या दान्यावर नाई," ते म्हणाले. "पावडर चारतो मी. लय वर्सं झाले चारून राहिलो. या साली बायकोनं ते लाडू पोरीले चारले. तिले माहीत नव्हतं, पोरीले माहीत नव्हतं, मले माहीत होतं. बैल हरले, पोरगी जिंकली, अन् चोर पोरगी ठरली. चोर मी आहो. अन् केवळराम रामटेकेच्या पोरीनं कोणाच्या पान्यात काई नाई टाकलं, हे बी आयका. मी गावोगावी उलटं सांगत फिरलो."

मग त्यांनी फेटा काढला, घडी घालून माइकच्या टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, बक्षीस दुसऱ्या जोडीले द्या. लाह्या विकणारासुद्धा टोपली खाली ठेवून मंचाकडे वळला. माझे बाबा माझ्या मागे उभे होते. ते पुढे गेले, मंचाच्या पायरीशी थांबले, आणि काकाजी खाली उतरताना त्यांना हात दिला. बाबांनी त्यांना चहाच्या टपरीवर नेलं.

मी तिथेच बसून रडले, रवे. यावेळी बाबांमुळे नाही, सगळ्यांमुळे. काकाजींवरचा माझा राग गेला. तुझ्यावरचा थोडा आहे. तो ठेवला आहे जपून.

नीली


२५ एप्रिल २००८

रवे,

सुनावणीत तू होतीस, मी नव्हते. तरी तुला सांगते, कारण तू बघितलेली सुनावणी वेगळी आणि काकूंनी गोंदिया स्टेशनावर उतरल्या उतरल्या मला सांगितलेली वेगळी.

काकूंच्या म्हणण्याप्रमाणे दिल्लीचे साहेब लोक वाळलेले होते, घरी कोणी वाढत नसावं. काकाजींनी हात जोडून सगळं सांगितलं, डबा टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारलं, लाडू म्हणजे नेमका केवढा? तेव्हा काकूंनी बोचक्यातून स्टीलचा डबा काढून झाकण उघडलं आणि म्हणाल्या, असा, खाऊन पाहा. तिन्ही साहेबांनी खुर्च्या मागे ओढल्या. अहो, हे बिनपावडरचे होत, आताचे, असं काकूंनी दहादा सांगितलं. कोणी हात लावला नाही. काकूंना त्याचं अजून वाईट वाटतं. शेवटी दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने दोन खाल्ले, आणि काकूंच्या मते निकाल त्याच्याचमुळे चांगला लागला.

दोनाचं एक वर्ष झालं. जानेवारीत तू मोकळी. पदक मात्र परत मिळणार नाही, ते नियमाने माझंच. असू दे, त्यावर मी नंतर लिहीन.

एक गोष्ट राहिली. माझा पाय मुरगळला नव्हता. फेब्रुवारीत काकूंनी चारलेले ते दोन लाडू माझ्या पोटात होते. पतियाळाला माझी तपासणी झाली असती तर रामटेके आणि टेंभरे एकाच चुलीवर बाद झाले असते, आणि मग तुझी गोष्ट कोणी खरी मानली असती? तेव्हा काकूंना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून पाय मुरगळवला. त्या अजून म्हणतात, नीलाले लाडू फार आवडले होते. आवडले होते, खरंच.

काकूंनी तुला घरी चल म्हटलं, तर तू दिल्लीहून परस्पर मामाकडे जायला बालाघाटची गाडी धरलीस. सुट्टी घ्यायची असेल तर घे. पण माझा ब्लॉक घसरतो आहे.

नीली


३१ ऑगस्ट २००८

रवे,

काल पोळा झाला. बुलेटच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि गळ्यात माझं सुवर्णपदक.

हसू नको, विचार करून घातलं. आठ महिने ते पदक आमच्या घरी खुंटीला आहे. बाबा पाहुण्यांना दाखवतात आणि मी आत निघून जाते. तुला हरवून मिळालं असतं तर मी ते घालून झोपले असते. ते तुझंही नाही, तू लाडवांवर धावलीस. मग उरलं कोण? ज्याच्या वाट्याचे लाडू गेले तो. तोरणाखाली काकाजींनी पदक पाहिलं, आधी ओशाळले, मग इतके हसले की त्यांना खोकला आला. मार्चनंतर ते पहिल्यांदाच हसले. आता दोन्ही बैल खरोखर घरच्या दाण्यावर आहेत, आणि काकाजी म्हणतात की हरतील पण झोप लागेल. फेटा त्यांनी अजून बांधला नाही. काल माझ्या बाबांनी स्वतःचा दुपट्टा त्यांच्या डोक्याला गुंडाळला.

मी काकूंना सरळच विचारलं की रविता येत का नाही? त्या म्हणाल्या, तुमच्यासमोर यायले तिले तोंड नाई म्हनते.

म्हणजे इतके महिने मी तुला रागीट समजत होते आणि तू लाजत होतीस. सहावीपासून तुझं तोंड बघते, मला त्याचा काय उपयोग? शर्यतीत मला तुझी पाठ दिसते, आणि नशीब बरं असलं तर तुझा खांदा. मला धावायला कोणीतरी पुढे लागतं, आणि गावात दुसरं कोणी नाही. खरं लिहायचं तर मी वेगात उतरले आहे. पहिल्या पत्रात सराव उत्तम चालल्याचं लिहिलं होतं, ते थापच होती. सर बोलत नाहीत, पण घड्याळ लवकर खिशात घालतात. तू मला चोर म्हणालीस ते मी विसरले नाही, विसरणारही नाही. पण ते आठवत ठेवून सुटायचा सराव करता येत नाही, त्याला ब्लॉकवर कोणीतरी उभं लागतं.

तोंड नसेल तर राहू दे मामाकडे. पाय घेऊन ये.

तुझी नीली


१० जानेवारी २००९

प्रिय रवे,

आता तू घरी आहेस, दोन गल्ल्या पलीकडे, आणि तरी लिहिते. तोंडावर सांगितलं तर तू खिदळशील आणि मग मीही.

तुझी वाट पाहणं मी दिवाळीनंतर सोडलं होतं. मंडईची जत्रा झाली, गावात नाटक होऊन गेलं, धान कापून झाला, तू आली नाहीस. या सोमवारी पहाटे धुकं होतं. मी ब्लॉक ठेवला, त्यावर पाटा ठेवला, बोटं रेघेमागे टेकली. कंबर वर घेतली आणि नेहमीप्रमाणे ब्लॉक घसरणार म्हणून अंग चोरलं. मागे पाटा उचलून कोणीतरी मुरमावर ठेवल्याचा आवाज आला. मग ब्लॉक दाबला गेला.

मी वळून पाहिलं नाही. मला भीती वाटली की जागेश्वर सर असतील. तेवढ्यात तू बोललीस. वर्षभराने पहिलं वाक्य.

"म्हशीवानी काऊन बसली? कंबर वर घे."

रवे, मी कंबर वर घेतली, पण पुढचं काही दिसत नव्हतं. डोळे भरले होते. तरी सुटले. ब्लॉक तसूभर हलला नाही. मैदानाच्या टोकापर्यंत गेले आणि तिथेच थोडा वेळ चालत राहिले, कारण परत येऊन तुला काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. आले तर तू ब्लॉकवर बोटं टेकून बसली होतीस. म्हणालीस, उभी राह, आता माही पाळी. मी उभी राहिले. बोलणं तेवढंच झालं.

पण खरं मला त्यानंतरचं लिहायचं आहे. पाटा तू तुझ्या सायकलला बांधलास. मला वाटलं वाटेत देशील. तू सरळ आमच्या घरी आलीस, चप्पल काढून आत गेलीस, आमच्या चुलीजवळ पाटा ठेवलास आणि माझ्या आईला विचारलंस की मिरच्या कुठे आहेत. दहा वर्षांत तू आमच्या दारापर्यंत आली होतीस, उंबऱ्याच्या आत कधी नाही. आई गोंधळून मिरच्या, लसूण, मीठ देत राहिली. फुटलेल्या कोपऱ्याकडे बघून तू म्हणालीस, काकू, हे माझ्यामुळे फुटलं. मग मान खाली घालून वाटत बसलीस आणि नाक ओढत होतीस. मिरच्यांनी असेल. बाबा आले, दारात थबकले, तू उठून त्यांच्या पाया पडलीस. बाबांनी तुला काही विचारलं नाही. म्हणाले, नीला, दोन ताटं वाढ. मला आत्ता लिहितानाही ते ऐकू येतं.

चटणी फार तिखट झाली होती. कोणी सांगितलं नाही, म्हणून सांगते.

तुझी बंदी संपली. नागपूरच्या स्पर्धेत तुझं नाव आलं आहे, माझंही, आणि रेल्वेचे लोक येणार आहेत. तुलसा काकूंनी प्रवासासाठी लाडू केले आहेत. नवीन नियम असा की आधी काकाजी खातील, मग बैल, मग आपण. काकाजी मुकाट्याने खातात.

सर म्हणतात नागपूरला ब्लॉक लोखंडी असतात, पक्के ठोकलेले, मागे कोणी उभं राहावं लागत नाही. म्हणून तू माझ्या मागे नसशील, शेजारी असशील. मी तुला हरवणार आहे. हरवलं की परत येऊन बुलेटच्या गळ्यातलं पदक काढून घेईन, कारण ते तेव्हा माझं झालेलं असेल. नाही हरवलं तर राहू दे त्याच्याकडेच. त्याला शोभतं.

उद्या पहाटे मैदानावर ये. पाटा आणू नको, आईला चटणी करायची आहे.

तुझीच,
नीली